इंटरनेटवरील माध्यमांचा धंदा आणि आपली मुले
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आज ज्या विषयावर मला चार शब्द सांगायचे आहेत, तो वरवर पाहता पोखर्णीपासून फार दूरचा वाटेल. इंटरनेटवर बातम्यांची, माहितीची आणि करमणुकीची माध्यमे कशी उभी राहतात, कशी वाढतात, आणि एक उद्योग उभा करून तेवढ्यावर न थांबता दुसरा, तिसरा उभा करणारी माणसे नेमके काय करतात, असा हा विषय आहे. पण तो आता आपल्या उंबरठ्याच्या आत आलेला आहे. मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन बसतो. वडील विचारतात, हा करतो तरी काय? मुलगा सांगतो, मला कॉलेज नको, मी चॅनल काढतो, त्यात पुष्कळ पैसा आहे. वडील रागावतात, मुलगा रुसून बसतो, आणि खरे पाहता दोघांपैकी एकालाही त्या धंद्याची पुरती माहिती नसते. ती माहिती दोघांपुढे ठेवावी, एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम हा धंदा काय आहे ते समजून घेऊ. किराणा दुकानात गिऱ्हाईक साखर नेतो आणि साखरेचे पैसे देतो. माध्यमाचे तसे नाही. येथे वाचणारा किंवा पाहणारा एक असतो आणि पैसे देणारा बहुधा दुसराच असतो. वर्तमानपत्र आपण चार-पाच रुपयांना घेतो, पण त्याचा कागद, छपाई आणि बातमीदार यांचा खर्च त्यातून निघत नाही. तो जाहिरातदार भरून काढतो. जाहिरातदार पैसे देतो ते वाचकाच्या सवयीचे. उद्या सकाळी हा वाचक पुन्हा येईल, एवढी खात्री त्याला हवी असते. म्हणून माध्यम उभे करणाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे यंत्र नव्हे, कॅमेरा नव्हे, तर वाचकाची सवय आणि त्या सवयीच्या पोटी असलेला विश्वास होय. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढची सगळी उदाहरणे आपोआप उलगडतील.

पहिले उदाहरण मुंबईचे आहे. राजेश जैन हे मुंबईच्या आय.आय.टी.मधून १९८८ साली अभियंता झाले, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथे नोकरी केली आणि १९९२ साली परत आले. परत आल्यावर त्यांनी सॉफ्टवेअरचे काही उद्योग करून पाहिले. ते चालले नाहीत. मग १९९५ च्या मार्च महिन्यात त्यांनी ‘इंडियावर्ल्ड’ हे संकेतस्थळ सुरू केले. आता गंमत पाहा. आपल्या देशात सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट खुले झाले ते विदेश संचार निगमने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे येथे वाचक जन्माला येण्याच्या पाच महिने आधीच हे संकेतस्थळ निघाले होते. मग ते वाचणार कोण? अमेरिकेत आणि इतर देशांत राहणारे भारतीय! त्यांच्याकडे इंटरनेट होते, आणि घरची बातमी मात्र त्यांना फार उशिरा मिळत असे. ही एक भूक जैन यांनी ओळखली.

पुढे त्यांनी एकाच स्थळात सर्व काही कोंबले नाही. बातम्यांसाठी ‘समाचार’, क्रिकेटसाठी ‘खेल’, शोधण्यासाठी ‘खोज’ आणि पाककृतींसाठी ‘बावर्ची’, अशी निरनिराळी स्थळे काढली. नावे अशी की ऐकताच काम कळावे. शिवाय कंपन्यांना त्यांची संकेतस्थळे बांधून देण्याचे काम घेतले, म्हणजे वाचकाकडून काही न घेताही चार पैसे हाती येत राहिले.

नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवे या कंपनीने हा सारा व्यवहार ४९९ कोटी रुपयांना घेण्याचे ठरविले. त्यापैकी सुमारे १२२ कोटी प्रथम आणि ३७७ कोटी नंतर, असा तो करार होता. तेव्हा सारा देश थक्क झाला, कारण इंडियावर्ल्डजवळ कारखाना नव्हता, जमीन नव्हती आणि नोकरवर्गही थोडाच होता. मग एवढी किंमत आली कोठून? त्याआधी महिनाभरच, ऑक्टोबर १९९९ मध्ये, सत्यम इन्फोवेचे समभाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात विक्रीस गेले होते आणि त्या बाजारात इंटरनेटच्या नावावर पैशाचा पूर आलेला होता. विकत घेणाऱ्याच्या खिशात तो पैसा होता आणि त्याला तयार वाचक हवा होता. पुढे मार्च २००० मध्ये नॅसडॅकचा निर्देशांक ५,०००च्या वर जाऊन जो घसरला, तो २००२च्या ऑक्टोबरात सुमारे १,१०० वर येऊन थांबला. अनेक इंटरनेट कंपन्या बुडाल्या. वाचकहो, ४९९ कोटींचा आकडा मुले तोंडपाठ करतात. त्याच्या मागे-पुढे काय होते, तेही पाठ करावे. जैन यांचे कर्तृत्व खरेच होते, पण त्या वर्षीचा भाव हा त्या वर्षीचा भाव होता. कापसाचा एका सालचा भाव पाहून कोणी शहाणा शेतकरी कर्ज काढीत नाही.

जैन यांनी पुढे काय केले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ते पैसा घेऊन घरी बसले नाहीत. ‘नेटकोर’ ही त्यांची पुढची कंपनी. आधी कंपन्यांना ई-मेलची व्यवस्था पुरविणे, मग मोबाइलच्या लघुसंदेशांवर बातम्या पाठविणे, मग व्यापाऱ्यांना त्यांच्या ग्राहकांपर्यंत पोहोचविण्याची साधने देणे, अशी तिची दिशा बदलत गेली. बाहेरच्या भांडवलदारांपुढे हात न पसरता, स्वतःच्या पैशावर आणि नफ्यावर ती वाढली. पहिल्या उद्योगातून त्यांनी पैसा आणला खरा, पण त्याहून मोठी गोष्ट आणली ती म्हणजे काय चालत नाही याचे ज्ञान.

दुसरे उदाहरण अजित बालकृष्णन यांचे. हे मूळचे केरळचे, पण कर्मभूमी मुंबई. १९७३ साली अरुण नंदा आणि मोहम्मद खान यांच्याबरोबर त्यांनी ‘रिडिफ्यूजन’ ही जाहिरात संस्था स्थापन केली. वीस-बावीस वर्षे जाहिरातीच्या धंद्यात गेल्यावर १९९६ साली त्यांनी ‘रिडिफ’ हे संकेतस्थळ काढले. बातम्या दिल्या आणि मोफत ई-मेलही दिला. ई-मेल का दिला? बातमी वाचायला माणूस येईल किंवा न येईल, पण आपले पत्र पाहायला तो रोज येणारच. ज्याने आयुष्य जाहिरातीत घालविले, त्याला सवयीची किंमत सांगावी लागत नाही. जून २००० मध्ये नॅसडॅकवर १२ डॉलर दराने रिडिफचे समभाग विकले गेले. पुढे मात्र काळ बदलला. २००४ साली जीमेल आला, त्यानंतर समाजमाध्यमे आली, आणि वाचकाची सवय दुसरीकडे वळली. सवय गेली की जाहिरात तिच्यामागे जाते. २०१६ साली रिडिफने अमेरिकेचा बाजार सोडला आणि २०२४ मध्ये कंपनीचा मोठा हिस्सा इन्फीबीम अव्हेन्यूज या कंपनीने घेतला. कमावलेली सवय कायमची नसते. तिची रोज मशागत करावी लागते, हा यातला धडा.

आता भाषेचा प्रश्न. वर सांगितलेली बहुतेक स्थळे इंग्रजीत होती. मराठीची अडचण अशी की सुरुवातीच्या काळात प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट निराळा असे. एकाची अक्षरे दुसऱ्याच्या यंत्रावर चौकोन आणि खुणा होऊन दिसत. तरीही परदेशातील मराठी मंडळींनी १९९६ सालीच ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि ते आजही चालू आहे. ते कोणाला विकले म्हणून गाजले नाही. आपल्या माणसांना आपल्या भाषेत लिहिता-वाचता यावे, एवढ्यावर ते टिकले. युनिकोडमुळे पुढे अक्षरांचा प्रश्न सुटला, पण साध्या मोबाइलवर तो बराच काळ तसाच राहिला. तेव्हा उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी या दोघांनी २००९ साली ‘न्यूजहंट’ काढले. ज्या साध्या फोनवर देवनागरी उमटत नसे, त्यावर आपल्या भाषेतील वर्तमानपत्र वाचता येईल अशी युक्ती त्यांनी केली. ते पुढे वीरेंद्र गुप्ता यांच्या ‘व्हर्से’ कंपनीकडे गेले आणि २०१५ मध्ये त्याचे नाव ‘डेलीहंट’ झाले. या दोघांनी नवी बातमी निर्माण केली नाही. बातमी आणि वाचक यांच्यामध्ये जो दगड पडला होता तो बाजूला केला. गावात असे दगड आजही पुष्कळ आहेत.

कोणी म्हणेल, हे सारे इतरांचे झाले, आपल्या समाजातून कोणी आहे काय? अवश्य आहे. अब्दुल हमीद अन्सारी यांनी १९३८ साली मुंबईत ‘इन्किलाब’ हे उर्दू दैनिक काढले. त्यांचे चिरंजीव खालिद अन्सारी अमेरिकेत वृत्तपत्रविद्या शिकून आले. त्यांनी ‘स्पोर्ट्सवीक’ हे क्रीडा साप्ताहिक काढले आणि १९७९ साली ‘मिड-डे’ हे दुपारचे इंग्रजी वर्तमानपत्र सुरू केले. सकाळचा पेपर वाचून झालेला असतो, संध्याकाळी लोकलमध्ये तास-दीड तास रिकामा असतो. ती रिकामी वेळ त्यांनी धरली. पुढच्या पिढीत त्या घराने मुंबईत एफ.एम. रेडिओ आणला, आणि २०१० साली वर्तमानपत्रांचा व्यवसाय जागरण प्रकाशनाकडे दिला. अलीकडचे उदाहरण फरीद अहसान यांचे. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेल्या फरीद अहसान, अंकुश सचदेवा आणि भानू प्रताप सिंह या तिघा मित्रांनी २०१५ साली ‘शेअरचॅट’ काढले. त्याआधी त्यांचे अनेक प्रयत्न फसले होते. त्यांच्या कंपनीचे नाव ‘मोहल्ला टेक’. इंग्रजी न येणारा माणूस आपल्या मोहल्ल्यात आपल्या भाषेत बोलतो, तसे बोलण्याची जागा त्याला द्यावी, ही ती कल्पना.

आता मुलांच्या आवडीच्या विषयाकडे येतो. यूट्यूबवर पैसे मिळतात, हे खरे आहे. त्याचा हिशेबही उघड आहे. जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी चॅनलला किमान १,००० वर्गणीदार आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची नोंद लागते. किंवा छोट्या चित्रफिती असतील तर ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिल्या जाव्या लागतात. त्यानंतर मोठ्या चित्रफितीवरील जाहिरातीच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के आणि छोट्यांवरील ४५ टक्के निर्मात्याला मिळतात. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. एक माणूस सरासरी २ मिनिटे पाहील असे धरले, तर १ लाख २० हजार वेळा ती चित्रफीत कोणीतरी पाहिली पाहिजे. आणि एवढे झाल्यावर कमाई फक्त सुरू होते. हा आकडा भीती घालण्यासाठी सांगत नाही. ज्याला शेत करायचे आहे त्याला बियाणे, खत आणि पाणी यांचा हिशेब आला पाहिजे, तसाच हा हिशेब आला पाहिजे.

दुसरी गोष्ट जागेची. यूट्यूबवरचे चॅनल हे भाड्याच्या जागेतले दुकान आहे. नियम मालकाचे आणि कुलूपही मालकाचे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील किती तरी तरुणांचे लाखो चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. ज्यांनी त्याआधीच आपले नाव दुसऱ्या ठिकाणीही पोहोचविले होते, ते सावरले. म्हणून वाचकाशी आपला स्वतःचा धागा असावा. त्याचा फोन क्रमांक, त्याची वर्गणी, त्याची प्रत्यक्ष ओळख यांतले काही तरी आपल्याजवळ राहावे.

आता पोखर्णीचे पाहू. आपले गाव श्रीनृसिंहाच्या मंदिरामुळे सर्वत्र ओळखले जाते आणि परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्टेशन आहे. येथून परभणी जवळ, तेथे कृषी विद्यापीठ आहे आणि मोंढाही आहे. तरी आज सोयाबीनचा भाव काय, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची अखेरची तारीख कोणती, पीकविम्यासाठी कोणते कागद लागतात, कोणती गाडी बंद आहे, एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणूस अर्धा दिवस खर्ची घालतो. ही माहिती कोठे ना कोठे असतेच, पण ती विखुरलेली असते, इंग्रजीत असते किंवा सरकारी भाषेत असते. जो विद्यार्थी ती रोज ठरल्या वेळी, सोप्या मराठीत आणि तपासून देईल, त्याची लोक वाट पाहू लागतील. एक गाव, एक गरज, एक ठरलेली वेळ, एवढ्यापासून आरंभ करावा. सारे जग जिंकण्याची घाई नको. जैन यांनीही आधी परदेशातल्या भारतीयांची एकच भूक भागविली होती.

आपल्या मुलांजवळ एक संपत्ती आहे, तिची त्यांना जाणीव नाही. घरात ती दखनी बोलतात, मदरशात किंवा शाळेत उर्दू शिकतात, बाजारात आणि शेजारी मराठी बोलतात, हिंदी तर कानावर पडतेच. दोन लिप्या आणि तीन-चार भाषा ज्याला सहज येतात, तो माध्यमाच्या धंद्यात गरीब नाही. मुलींविषयीही सांगतो. या कामात चेहरा दाखविलाच पाहिजे असे नाही. लिहिणे, भाषांतर करणे, आवाज देणे, हिशेब ठेवणे, बातमी तपासणे ही सारी कामे घरच्या मान-मर्यादेत राहून करता येतात. जी मुलगी परभणीला कॉलेजला जाऊ शकत नाही, तिच्यासाठी ही पायवाट आहे. पण पायवाट मिळाली म्हणून कॉलेजचा रस्ता बंद करू नका, अशी पालकांना माझी विनंती आहे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. माध्यमाच्या धंद्यात खोट्याला गिऱ्हाईक लवकर मिळते. कुठल्या तरी जुन्या चित्रफितीवर आजची तारीख टाकली, त्यात एका समाजाचे नाव घातले, की ती वणव्यासारखी पसरते आणि पाहणाऱ्यांची संख्या वाढते. पण ज्या गावात हिंदू आणि मुसलमान एकाच बांधावर काम करतात, एकाच एस.टी.ने परभणीला जातात, तेथे अशी एक चित्रफीत किती घरांची झोप उडविते, हे मी सांगायला नको. त्या रात्री गावाला गरज असते ती एका अशा माणसाची, ज्याचे म्हणणे दोन्ही बाजूंचे लोक मानतात. तो सांगेल, थांबा, हे खोटे आहे, मी विचारून खात्री केली आहे. असा विश्वास त्या रात्री मिळवता येत नाही. तो आधीची दोन-चार वर्षे सोयाबीनचा भाव खरा सांगून मिळवलेला असावा लागतो. आपल्या मुलांनी या धंद्यात यावे असे मला वाटते, त्याचे हे पहिले कारण आहे. पैसा हे दुसरे.

कायदाही माहीत असावा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे इंटरनेटवर बातम्या प्रसिद्ध करणाऱ्यांना नीतिसंहिता लागू झाली. तक्रार ऐकणारा अधिकारी नेमणे आणि १५ दिवसांत तक्रारीचा निकाल देणे, असे बंधन त्यात घातले गेले. दुसऱ्याचे गाणे, छायाचित्र किंवा लेख न विचारता वापरणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग होय. लोक वापरतात म्हणून ते कायदेशीर होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुम्हाला चार गोष्टी सांगतो. शिक्षण सोडू नका. वर ज्यांची नावे घेतली त्यांपैकी बहुतेक जण चांगले शिकलेले आहेत, आणि पहिले प्रयत्न फसले तेव्हा त्या शिक्षणानेच त्यांना सांभाळले. वडिलांना जमीन किंवा आईला दागिना विकायला लावून कॅमेरा घेऊ नका. जो फोन हाती आहे त्यावर सहा महिने नेमाने काम करून दाखवा, मग पुढचे बोला. एकटे करू नका. एक लिहिणारा, एक यंत्र जाणणारा, एक हिशेब ठेवणारा, असे दोघे-तिघे मिळून करा आणि वाटा आरंभीच कागदावर लिहून ठेवा. आणि उद्योग चालला नाही तर तो बंद करायला लाजू नका. देणी चुकती करा, कोणाशी तोंड लपवून वागू नका. ज्याने पहिला उद्योग नीट मिटविला, त्याच्या दुसऱ्या उद्योगात लोक पुन्हा विश्वासाने येतात.

पालकांना एवढेच सांगेन की मुलाच्या हातातला मोबाइल हिसकावून घेण्याआधी त्याला एकदा विचारा, तू जे करतोस ते रोज पाहणारी दहा माणसे कोण, आणि उद्या ती पुन्हा का येतील? त्याला उत्तर देता आले तर त्याला थोडी मुदत द्या. उत्तर देता आले नाही तर रागावू नका, ते शोधायला सांगा. संस्थेच्या चालकांना सुचवितो की आठवड्यातून एक तास या कामासाठी द्यावा. विद्यार्थ्यांनी गावाची माहिती गोळा करावी, शिक्षकांनी ती तपासावी आणि मगच ती लोकांपर्यंत जावी. तपासल्याशिवाय काही पुढे पाठवायचे नाही, ही सवय जरी येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला लागली, तरी संस्थेने गावावर मोठे उपकार केले असे होईल.